घरच्या घरी ताजा पास्ता: सगळा खेळ ओलीचा

पहिल्यांदा घरी पास्ता केला तेव्हा शेवटी जे ताटात आलं तो पास्ता नव्हताच, तो गोळा होता. म्हणजे पीठ छान मळलं गेलं होतं, लाटलंही बरं, पट्ट्या कापल्या, आणि मग त्या सगळ्या पट्ट्या एका ताटात एकावर एक टाकून मी सॉसच्या मागे लागले. वीसेक मिनिटांनी येऊन बघते तर पट्ट्या एकमेकींना अशा चिकटलेल्या की जणू मी कापल्याच नव्हत्या. काट्याने सोडवून बघितलं, बोटांनी सोडवून बघितलं, शेवटी वैतागून अख्खा गठ्ठा उकळत्या पाण्यात सोडला. बाहेरून गिळगिळीत, मधे कच्चं पीठ. सॉस मात्र फार छान झाला होता, तो ब्रेडला लावून खाल्ला.

त्यानंतर बरेचदा केला आणि आता बऱ्यापैकी जमतो, आणि एवढं करून माझं एक पक्कं मत झालंय की लोक पीठ कुठलं, मशीन कुठलं यातच अडकतात, पण खरी गंमत आहे ती ओलीची. कुठल्या टप्प्यावर पीठ किती ओलं हवं आणि किती सुकलेलं हवं हे एकदा हाताला कळलं की बाकी सगळं आपोआप होतं. त्यामुळे पुढे प्रत्येक पायरीला मी फिरून फिरून ओलीवरच येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आधी पिठाचं बोलू

ताजा पास्ता म्हटलं की ढोबळमानाने दोन घराणी. उत्तर इटलीत, म्हणजे बोलोन्या आणि त्याच्या आजूबाजूच्या एमिलिया-रोमान्या भागात, मऊ गव्हाचं बारीक पांढरं पीठ आणि अंडी, बस. दक्षिणेला, पुल्यासारख्या भागात, ड्युरम नावाच्या कडक गव्हाचं पिवळसर रवाळ पीठ आणि नुसतं पाणी, अंड्याचा पत्ताच नाही. त्यामुळे 'खऱ्या पास्त्यात अंडं असतंच' आणि 'खऱ्या पास्त्यात अंडं नसतंच' असं भांडणारे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. दुकानात पुड्यात मिळणारा सुका पास्ता हा मुख्यतः दुसऱ्या घराण्यातला, इटलीत तर १९६७ च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरमचाच करावा लागतो.

अंड्याच्या पास्त्यासाठी सगळीकडे '००' म्हणजे डबल झीरो पीठ वापरा असं लिहिलेलं असतं आणि माणूस उगाच दबून जातो. तर हा आकडा म्हणजे पीठ किती 'स्वच्छ' आहे त्याचा. इटलीच्या नियमात पीठ जाळल्यावर जी राख उरते ती ०.५५ टक्क्यांपर्यंत असेल तर ते ००. राख कमी म्हणजे कोंडा कमी, एवढाच अर्थ. त्यातून प्रोटीन किती आहे ते कळत नाही, आणि पास्त्याला काम पडतं ते प्रोटीनचं, कारण ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं चिवट जाळं, त्यातूनच बनतं. साधा मैदा घ्या, पुड्यावर प्रोटीन १० ते १२ टक्क्यांच्या मधे दिसलं तर निर्धास्त वापरा. कोंड्यासकटचं पीठ वापरायचं असेल तर पाव भागापर्यंतच, कारण कोंड्याच्या कडा ग्लुटेनचं जाळं कापत जातात, शिवाय कोंडा पाणी पितो ते वेगळंच.

ड्युरमचं पीठ घेताना एक लक्षात ठेवा, रवाळ दिसतंय म्हणजे ते ड्युरमचंच असेल असं नाही, पुड्यावर तसं लिहिलेलं बघा. आणि जाडा रवा नको, इटालियन पुड्यांवर 'सेमोला रिमाचिनाता' लिहिलेलं असतं म्हणजे दोनदा दळलेलं, ते हवं. जाड दाण्याला पाणी आत शिरायला फार वेळ लागतो आणि तोपर्यंत तुमचे हात भरून येतात. जाडा रवा टाकून मात्र देऊ नका, तो भुरभुरायला लागणार आहे.

माप, आणि अंडं वजन का करायचं

घरोघरी चालत आलेलं माप म्हणजे १०० ग्रॅम पिठाला १ अंडं. माप उत्तम आहे पण अंडी सगळी सारखी नसतात. साधारण ६० ग्रॅमचं अंडं फोडलं की टरफल जाऊन ५२-५३ ग्रॅम आत निघतं, लहान अंडं असेल तर ४५ सुद्धा निघतं, आणि तीन-चार अंड्यांत हा फरक साठत साठत एक दिवस पीठ भुगा होतं आणि दुसऱ्या दिवशी चिकट, आणि आपण म्हणतो काल तर जमलं होतं. म्हणून मी अंडी वाटीत फोडून वजन करते. १०० ग्रॅम पिठाला ५५ ग्रॅम अंडं. कमी पडलं तर चमचाभर पाणी किंवा एखादं पिवळं घालून भरती करायची.

पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं आणि पिवळ्यात निम्मंच, उरलेल्यात बरीचशी चरबी. त्यामुळे नुसती पिवळी वापरून पास्ता करायचा असेल, इटलीच्या पिएमोन्ते भागात 'तायारिन' करतात तसा, तर वजनाने जास्त पिवळं लागतं. तो पास्ता रंगाला गडद, चवीला भारी आणि तोंडात मऊ तुटणारा. पण पहिल्यांदा करताय तर अख्खी अंडीच घ्या, ते पीठ जास्त सहनशील असतं.

पहिल्या वेळेला २०० ग्रॅम पीठ आणि २ मोठी अंडी, बास, यात दोघांचं पोटभर होतं. उगाच अर्धा किलोचा घाट घालू नका, लाटताना रडू येतं. मीठ पिठात घालत नाही, ते पाण्यात आणि सॉसमधे जाणारच आहे. तेलही नाही. तेलाने पीठ मऊ लागतं खरं, पण ग्लुटेन आखूड होतं आणि पातळ लाटताना पीठ फाटायला लागतं. अंडी मात्र फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा, गार अंड्याने पीठ कडक वाटतं आणि आपण घाबरून पाणी घालतो, तिथेच चूक होते.

मळायला घ्या

ओट्यावर पिठाचा ढीग, मधे मोठं आळं, आळ्यात अंडी. हे आळं दिसायला छान असतं आणि पहिल्यांदा हमखास फुटतं. माझं फुटून अंडं ओट्यावरून थेट खाली, पायावर. त्यामुळे पहिल्या वेळेला पसरट भांड्यात करा, कुणी बघत नाहीये. काट्याने आधी नुसती अंडी फेटा, मग आतल्या भिंतीचं पीठ थोडं थोडं ओढत जा, दाटसर लापशीसारखं झालं की काटा ठेवून हाताने गोळा करायला लागा.

आता जे समोर दिसेल ते बघून वाटेल की हे काही जमणार नाही. कोरडं, फाटलेलं, कडेला पिठाचा चुरा, आणि हात आपसूक पाण्याच्या नळाकडे जातो. थांबा. पास्त्याचं पीठ आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कोरडं असतं, ते तसंच हवं. तीन-चार मिनिटं नुसतं दाबत राहा, दुमडा, दाबा, चुरा गोळा करून परत आत घ्या. त्यानंतरही तळाला कोरडं पीठ उरत असेल तर पाणी ओतायचं नाही, हात ओले करायचे आणि मळायचं. ओल्या हाताला जेवढं पाणी असतं तेवढंच बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं. उलट पीठ चिकटत असेल तर ओट्यावर चिमूटभर पीठ टाका आणि गोळ्याला तेवढंच उचलू द्या.

मग तळव्याच्या मागच्या जाड भागाने पुढे ढकलायचं, दुमडायचं, पाव वळसा द्यायचा, परत ढकलायचं. तिसऱ्या मिनिटाला गोळा खडबडीत असतो, संत्र्याच्या सालीसारखा. पाचव्या-सहाव्याला तो तुमच्याशी भांडायला लागतो, ढकलला की मागे येतो, मनगटं भरून येतात, आणि नेमकं इथेच बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका. आठव्या मिनिटाच्या आसपास एकदम पोत बदलतो, पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित तुकतुकीत होतो, हाताला काहीच चिकटत नाही आणि दाबलं की कानाच्या पाळीसारखं लागतं. बोटाने खळगा पाडा, तो हळूहळू वर आला की झालं. सुरीने मधोमध कापून बघायची हौस असेल तर तेही करा, आत एकसारखा पोत दिसायला हवा, पांढरे कोरडे पट्टे दिसले तर अजून दोन मिनिटं.

फूड प्रोसेसर असेल तर पीठ-अंडं त्यात फिरवून ओल्या वाळूसारखा चुरा झाला की काढायचं आणि दोन-तीन मिनिटं हाताने मळायचं. हे अगदी चालतं. फक्त त्यात गोळा होईपर्यंत फिरवत बसू नका, पीठ गरम होतं.

आराम, पिठाला

गोळा प्लॅस्टिकच्या फिल्ममधे घट्ट गुंडाळा किंवा वर वाटी उपडी घाला आणि कमीत कमी अर्धा तास विसरून जा. ही पायरी गाळलीत तर पुढचं काही जमणार नाही असं मी अगदी ठामपणे सांगते. या अर्ध्या तासात पाणी पिठाच्या कणांच्या आत पोचतं आणि ताणलेलं ग्लुटेन सैलावतं. उघडाल तेव्हा तोच गोळा हाताला जास्त ओला आणि मऊ लागेल, बाहेरून काहीही न घालता! म्हणून तर मळताना पाणी घालू नका म्हटलं, तेव्हा घातलेलं आत्ता अंगाशी येतं. उघडा मात्र ठेवायचा नाही, दहा मिनिटांतच वर साल धरते आणि ती साल लाटताना खपल्या होऊन फिरते. अंडं आहे त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त ठेवायचा झाला तर फ्रीजमधे, आणि मग लाटण्याआधी बाहेर काढून परत मऊ होऊ द्यायचा.

लाटणं

मशीनवर करणार असाल तर गोळ्याचे चार भाग, एक हातात आणि तीन झाकलेले. तळव्याने चपटा करा, सगळ्यात रुंद फटीतून काढा, पत्राच्या घडीसारखे तीन पदर दुमडा, उघडी बाजू पुढे करून परत त्याच फटीतून. असं चार-पाच वेळा. हे म्हणजे एक प्रकारचं मळणंच आहे आणि कडा सरळ होतात तो बोनस. त्यानंतर दुमडायचं नाही, एकेक नंबर घेत पातळ करत जायचं, मधला नंबर उडी मारून गाळला तर पट्टी फाटते किंवा कडेला झालर येते. पट्टी ओलसर वाटली आणि रोलरला चिकटायला लागली की दोन्ही बाजूंनी किंचित पीठ चोळा. कुठल्या मशीनवर १ म्हणजे जाड तर कुठल्यावर १ म्हणजे पातळ, त्यामुळे 'सहा नंबरवर थांबा' असल्या सूचनांना काही अर्थ नाही. डोळ्याने बघा. पट्ट्यांच्या पास्त्यासाठी साधारण १ मिलिमीटर किंवा किंचित कमी, पट्टीखाली हात धरला की बोटांची सावली दिसली पाहिजे. सारण भरायचं असेल तर अजून पातळ, कारण कडेला दोन थर एकत्र येतात. बोलोन्यात म्हणतात की लाटलेली पोत, म्हणजे पिठाची ती पातळ चादर, उजेडात धरली की पलीकडे टेकडीवरचं सान लुका चर्च दिसलं पाहिजे. एवढं पातळ आपलं होत नाही, होऊ दे.

मशीन धुवायचं नाही बरं का, कधीच. पाणी आत गेलं की उरलेल्या पिठाची लुगदी होते आणि लोखंड गंजतं. वाळू द्या, ब्रशने झाडा, संपलं.

हाताने लाटायची मजा वेगळीच आहे, आणि लाकडी पृष्ठभागावर लाटलेली पोत किंचित खरखरीत होते त्यामुळे सॉस जास्त धरून ठेवते, हे खरंय, दोन्ही करून बघितलंय. बोलोन्याच्या बायका जवळपास मीटरभर लांब लाटण्याने तीन-चार अंड्यांची पोत एकदम लाटतात. आपल्याकडे तेवढं लाटणं नसेल तर गोळ्याचे दोन भाग करा, एका अंड्याच्या गोळ्याची १ मिलिमीटरची पोत व्यासाला ४० सेंटीमीटरच्या आसपास भरते, तेवढी जागा आधी मोकळी करून ठेवा. मधून बाहेर लाटायचं, पाव वळसा, परत मधून बाहेर. कडा दाबायच्या नाहीत. मोठी झाली की लाटण्याला गुंडाळून उचलायची आणि उलगडून पसरायची. भरभर करा, कारण लाटता लाटता ती सुकत असते आणि सुकलेली पोत ताणली जात नाही, तुटते. लाटताना मागे मागे येत असेल तर जबरदस्ती करू नका, झाकून दहा मिनिटं सोडा, रुसवा जातो.

आता ती पायरी जी मी गाळली होती

लाटलेली पोत लगेच कापायची नाही. स्वच्छ सुती कापडावर पसरा आणि १०-१५ मिनिटं हवेवर ठेवा, मधे एकदा उलटा. दमट दिवस असेल तर २५ मिनिटंही लागतात, कोरडी हवा असेल तर सात-आठात काम होतं, घड्याळ इथे कामाचं नाही. हात लावला की ओलसर गारवा जाणवायला नको, मऊ चामड्यासारखं लागलं पाहिजे, आणि कोपरा दुमडला तर चीर न पडता दुमडला पाहिजे. चीर पडली म्हणजे उशीर झाला. पंखा सरळ वर लावून घाई केली की कडा आधी कडक होतात आणि मधला भाग तसाच ओला, हा उद्योग मी करून बसलेय.

मग वर जाडा रवा भुरभुरायचा. मैदा का नाही? कारण मैदा पिठातली ओल पिऊन स्वतःच चिकट होतो आणि पाण्यात गेला की पेज करतो. रव्याचा दाणा जाड, तो ओल पटकन घेत नाही आणि झटकला की पडून जातो. पोतीची सैलसर गुंडाळी करा, दाबायची नाही, धारदार सुरीने सरळ खाली कापा, सुरी मागेपुढे घासू नका. आणि कापल्या कापल्या लगेच उलगडा! लगेच म्हणजे लगेच, सगळं कापून झाल्यावर नव्हे. पट्ट्या बोटांत उचलून झटका, अजून थोडा रवा, आणि सैल घरट्यासारख्या गुंडाळ्या करून ट्रेवर अंतरा-अंतरावर ठेवा. माझा पहिला गोळा वाचवायला एवढंच पुरलं असतं.

रुंदीचं म्हणाल तर २ मिलिमीटरच्या आसपास तालिओलिनी, २-३ सेंटीमीटर पापार्देल्ले, आणि त्या मधली तालियातेल्ले. या तालियातेल्लेची रुंदी तर बोलोन्यात १९७२ साली चक्क नोंदवून ठेवलीय, तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समधे. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टी ठेवलीय. शिजून फुगते त्यामुळे कच्ची ७ मिलिमीटर कापायची. फूटपट्टी लावून एकदा कापून बघितली, खाणाऱ्या एकालाही फरक कळला नाही. कडेचे वेडेवाकडे तुकडे उरतात त्यांना इटालियनमधे 'मालतालियाती' म्हणतात, म्हणजे शब्दशः वाईट कापलेले. ते सूपमधे टाकतात. चुकीला इतकं गोड नाव ठेवलेलं बघून मला फार बरं वाटलं होतं.

सारण भरायचं असेल तर

राव्हिओली वगैरे करणार असाल तर वरची सुकवायची पायरी रद्द. इथे पोत ओलसरच हवी, नाहीतर कडा चिकटत नाहीत आणि पाण्यात तोंड उघडतात. म्हणून एक पट्टी लाटा, लगेच भरा, मगच दुसरी लाटायला घ्या. सारण मात्र जेवढं कोरडं करता येईल तेवढं. रिकोत्ता चीज गाळणीत कापडावर रात्रभर फ्रीजमधे निथळत ठेवा, पालक शिजवून मुठीत पिळा, मग परत पिळा, आणि आता काही निघणार नाही असं वाटलं की अजून एकदा. चमचाभर सारण, आजूबाजूला बोटाने पाण्याचा अगदी हलका हात, वरून दुसरी पोत, आणि सारणापासून बाहेरच्या बाजूला दाबत हवा काढून टाका. हवा राहिली तर उकळताना ती फुगते आणि फुटते. झालेले तुकडे रवा पसरलेल्या ट्रेवर, एकमेकांना न लागता, आणि अर्ध्या-पाऊण तासात पाण्यात, नाहीतर सारणाची ओल खालच्या पोतीत उतरते आणि उचलताना बूड तिथेच राहतं.

अंडं नको असेल तर

हा दक्षिणेकडचा पास्ता मला खरं तर पहिल्यांदा शिकायला जास्त सोपा वाटतो, मशीन नको, लाटणं नको. २०० ग्रॅम बारीक ड्युरम पीठ, ९० मिली कोमट पाणी, लागलं तर अजून १० मिली. दहा मिनिटं मळा, अर्धा तास झाकून ठेवा. ड्युरमचं ग्लुटेन भक्कम असतं पण फारसं लवचिक नसतं, म्हणजे दाबलं की मागे येत नाही, दिलेला आकार धरून बसतं, आणि म्हणूनच त्याचे हाताने आकार करता येतात. बोटाएवढ्या जाड वळ्या करा, सेंटीमीटरभराचे तुकडे कापा. दोन बोटं तुकड्यावर दाबून आपल्याकडे ओढलीत की तो आपोआप गुंडाळला जातो, ही काव्हातेल्ली झाली. जेवणाच्या बोथट सुरीने तोच तुकडा ओढून, अंगठ्यावर उलटा केला की छोटा कान तयार, ओरेक्किएत्ते. बारी शहरात आर्को बासो भागात बायका गल्लीत टेबल मांडून हे करत बसतात, त्यांचा हात इतका चालतो की ओढणं आणि उलटं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळतच नाही. माझे पहिले पन्नासेक कान कुठल्याच प्राण्याचे वाटत नव्हते, चवीला उत्तम होते. हे पसरून तासभर सुकू दिले तरी चालतात, उलट आकार पक्का होतो. इथे खालचा पृष्ठभाग खरखरीत हवा, गुळगुळीत ओट्यावर तुकडा नुसता घसरतो.

शिजवणं

मोठं पातेलं. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि लिटरला १० ग्रॅम मीठ हे जुनं गणित आहे आणि ताज्या पास्त्याला ते पाळाच, कमी पाण्यात पास्ता टाकला की पाणी थंड पडतं, परत उकळेपर्यंत पट्ट्या तळाशी बसून चिकटतात. सॉसमधे खारट चीज असेल तर मीठ थोडं आखडतं घ्या. पाण्यात तेल घालू नका, ते वरच तरंगतं, आणि निथळताना पास्त्याला लागलंच तर सॉस घसरतो.

पास्ता टाकायच्या आधी जास्तीचा रवा झटका, खळखळ उकळी आली की सोडा, आणि पहिल्या वीस सेकंदांत एकदा ढवळा, हे फार महत्त्वाचं. मग बाजूला जाऊ नका, फोन घेऊ नका. पातळ तालिओलिनी मिनिटभरात होते, तालियातेल्ले दोन ते तीन मिनिटांत, राव्हिओली तीन-चार मिनिटं आणि मंद उकळीवर, ओरेक्किएत्तेला जाडीप्रमाणे पाच ते आठ. तालियातेल्ले असेल तर दीड मिनिटापासून एकेक पट्टी चाखत राहा. अंड्याच्या ताज्या पास्त्यात सुक्यासारखा मधला कडक कणा लागत नाही, त्यामुळे 'आल देन्ते' म्हणून काहीतरी कडक शोधत बसू नका, कच्च्या पिठाची चव गेली आणि चावताना किंचित ताण लागला की काढा.

निथळायच्या आधी कपभर पाणी काढून ठेवा. त्यात पिठाचा स्टार्च उतरलेला असतो आणि तो लोणी, चीज आणि पाणी यांना एकत्र धरतो, नाहीतर तूप वेगळं आणि पाणी वेगळं. सगळ्यात साधा सॉस सांगते, दोघांसाठी ५० ग्रॅम लोणी पॅनमधे मंद आचेवर, हवी तर सेज या सुगंधी वनस्पतीची पाच-सहा पानं, लोणी विरघळून खमंग वास आला की अर्धी वाटी पास्त्याचं पाणी, त्यात पास्ता, अर्धं मिनिट हलवा, मग गॅस बंद. बंद केल्यावरच किसलेलं पार्मेझान, थोडं थोडं, हलवत. चालू गॅसवर चीज टाकलं की त्याचे चिवट दोरे होतात आणि ते काही परत सुटत नाहीत. घट्ट वाटलं तर अजून थोडं पाणी. पॅनमधे असताना सॉस हवा त्यापेक्षा जरा पातळच ठेवा, ताटात जाईपर्यंत पास्ता तो पितो.

अंड्याच्या पास्त्याला लोणी, क्रीम, मशरूम किंवा मटणाचा खूप वेळ शिजवलेला रागू छान जातो. बोलोन्यात रागूबरोबर तालियातेल्लेच असते, स्पॅगेटी नाही, रुंद पट्टी तो जड सॉस उचलते. ड्युरमच्या कानांना ऑलिव्ह ऑइल, लसूण आणि किंचित कडवट पालेभाजी, वाटीसारख्या खळग्यात सगळं बसतं.

उरला तर

कच्चा पास्ता फ्रीजमधे एक दिवस, फार तर. दुसऱ्या दिवशी त्यावर करडे-हिरवट ठिपके येतात, ते बरेचदा पिठातल्या एन्झाइममुळे काळवंडणं असतं, पण अंडं आहे म्हटल्यावर मी धोका पत्करत नाही. बरणीत भरून महिनाभर ठेवायला घरीच सुकवायचा उद्योगही अंड्याच्या पास्त्याचा करत नाही, वरून खडखडीत वाटतो आणि घरट्याच्या आत ओल राहते. फ्रीझर बेस्ट. ट्रेवर घरटी सुटी सुटी ठेवून दोन तास कडक करा, मग पिशवीत भरा, महिना-दीड महिना आरामात टिकतात. आणि खायचं असेल तेव्हा बाहेर काढून वितळवायचं नाही, फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यात, मिनिटभर जास्त. ओट्यावर वितळत ठेवलात की पट्ट्यांना पाणी सुटतं, आणि मग ताटात परत तोच माझा पहिल्या दिवसाचा गोळा.